पोहता येत नाही? मग फी जास्त!

परीक्षा जवळ आली की आपल्या घरांत पहिली गदा येते ती खेळावर. मुलाची बॅट माळ्यावर जाते, मुलीचा खो-खो बंद होतो. "खेळून का कुणाचं पोट भरलंय?" हे वाक्य तर प्रत्येकीने कधी ना कधी ऐकलेलं असतं, नाहीतर म्हटलेलं तरी! आणि गंमत अशी, की मिशनच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडणाऱ्याही आपणच. तिथलं इंग्रजी आपल्याला हवं असतं, शिस्त हवी असते. पण या शाळांच्या जुन्या मंडळींनी मैदानाला एवढं महत्त्व का दिलं, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

म्हणून आज एका मिशनशाळेची हकिगत सांगते. शाळा आहे श्रीनगरची. काश्मीरच्या सहलीहून आलेल्या मैत्रिणी दल सरोवर आणि शिकारे यांचं वर्णन करून थकत नाहीत. त्याच पाण्यावर या शाळेची मुलं वल्ही मारायला शिकली.

सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को हे तरुण इंग्रज पाद्री १८९० साली चर्च मिशनरी सोसायटीच्या या शाळेत आले. स्वतः हाडाचे नाववाले! १८८४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत केंब्रिजच्या विजयी नावेचं सुकाणू त्यांच्या हाती होतं. इथे पाहतात तो काय, वर्गात बहुतेक काश्मिरी पंडितांची मुलं. अंगात पायघोळ फिरन, आत उबेसाठी निखाऱ्यांची कांगडी. पाठांतरात पटाईत, पण धावणं, वल्ही मारणं ही हलकी कामं, अंग कमवायचं ते हमालांनी, अशी घरची शिकवण.

१८९१ मध्ये नव्या नवरीला घेऊन श्रीनगरला येताना बिस्कोसाहेबांनी सोबत एक चामड्याचा फुटबॉलही आणला. झालं! चामड्याला शिवायचं म्हणजे विटाळ. मुलं मैदानावर आली, पण चेंडूला पाय लावेनात. तेव्हा साहेबांनी काठ्या घेतलेले शिक्षक मुलांच्या पाठीशी उभे केले आणि विचार करायला पाच मिनिटं दिली. वेळ संपल्यावर खेळ सुरू झाला तो काठीच्या धाकाने. पगड्या सुटल्या, पायताणं उडाली. इतक्यात चेंडू एकाच्या तोंडावर बसला. मुलगा रडू लागला. तोंडच बाटलं, आता काय करायचं? "कालव्यावर नेऊन तोंड धुवा त्याचं," साहेब म्हणाले. मुलं त्याला धुऊन घेऊन आली आणि खेळ पुढे चालू झाला.

आज हे वाचताना हसू येतं, तसा रागही येतो. धर्माची भीती काठीने घालवायची ही रीत काही कौतुकाची नव्हे. परक्या राज्यकर्त्यांचा तोरा त्यात होताच. पण पुढे या माणसाने खेळाचं जे केलं, ते मात्र ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

श्रीनगर म्हणजे झेलम, कालवे आणि सरोवरं यांचं शहर. असं असूनही मुलांना पोहता येत नसे, माणसं बुडत. शाळेने पोहणं सक्तीचं केलं. तेराव्या वर्षापर्यंत पोहता आलं नाही, तर फी वाढे! खिशाला चाट बसू लागली, तसे वडीलमंडळींचे आक्षेप मावळले. पोहायला शिकलेली मुलं बुडणाऱ्यांना वाचवू लागली. नावा चालवणारी मुलं मिशनच्या इस्पितळातल्या रुग्णांना मोकळ्या हवेत फिरवून आणू लागली. शहरात आग लागली, पूर आला, पटकीची साथ आली, की ही शाळा मदतीला धावे. गुणपत्रिकेतही नुसता अभ्यास नसे. शरीर आणि वागणूक यांचेही गुण धरले जात.

शाळेच्या चिन्हात दोन वल्ही एकमेकांवर तिरपी ठेवलेली आहेत. वल्हं म्हणजे कष्ट आणि ताकद; त्याचं पातं हृदयाच्या आकाराचं, म्हणजे माया. ताकद हवी, पण ती दुसऱ्याच्या उपयोगी पडणारी.

आता तुम्ही विचाराल, "हे सगळं मुलांचं झालं. मुलींचं काय?" बोधवाक्याचा अर्थच मुळी 'सर्व बाबतींत मर्द व्हा' असा! मुलींची वाट जास्त बिकट होती. मुलींच्या शाळेच्या सुरुवातीच्या एका बक्षीस समारंभाला गोऱ्या बायका आत शिरल्या, आणि रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "मुलींना पळवायला आल्या!" एकच कल्लोळ झाला, मुलींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. तरीही काम थांबलं नाही. १९२२ मध्ये मिस म्युरिएल मॅलिन्सन तिथे आल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाला वर्षानुवर्षं वाहून घेतलं. मुलींची ती शाळा आजही त्यांच्याच नावाने चालते. बिस्कोसाहेब १९४७ मध्ये काश्मीर सोडून गेले आणि १९४९ मध्ये वारले. पण त्यांची शाळाही चालू आहे.

मैत्रिणींनो, यातून आपण काय घ्यायचं? काठी तर नक्कीच नको. पण मुलांची शाळा निवडताना नुसता दहावीचा निकाल आणि गणवेशाचा रुबाब पाहू नका. मैदान आहे का, ते पाहा. मैदान असेल तर त्यावर खेळतं कोण, तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी निवडक अकराजण खेळतात आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवतात. अशाने ढाली मिळतील, पण आपल्या अशक्त, बुजऱ्या पोराला काय मिळणार? मुलींचा खेळाचा तास शिवणकामाला किंवा गॅदरिंगच्या नाचाला तर देऊन टाकत नाहीत ना, याचीही चौकशी करा.

आणि एक काम शाळेवर सोडू नका. सुट्टीत मुलं नदीवर, विहिरीवर जातात. पोहणं येत नसेल, तर ते चांगल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली येत्या सुट्टीतच शिकवा, मुलाला आणि मुलीलाही. "केस ओले होतील, रंग काळवंडेल" म्हणून लेकीला काठावर बसवू नका. रंग महिन्याभरात उजळेल. पाण्यात पाय घसरला, तर मात्र तिच्या उपयोगी पडेल ते तिचं पोहणंच.