कुंड्या घासणारा पोरगा टीव्हीवर

वालीवला कारखान्यांच्या गाळ्यांमागे आमची छोटी नर्सरी आहे. नव्या पोराला मी आधी कलमाच्या सुरीला हात लावू देत नाही, जुन्या कुंड्या घासायला बसवतो. त्याचं तोंड वाकडं झालं की पर्सी थ्रोवरची गोष्ट सांगतो.

हा इंग्लंडचा, जन्म १९१३चा. बाप हॉरवुड हाऊसवर मुख्य माळी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून हा बापाच्याच हाताखाली लागला. काम काय, तर कुंड्या धुवायच्या आणि फुटक्यांच्या खापऱ्या करायच्या. खापरी भोकावर पालथी ठेवली की पाणी झरतं, माती राहते. सपाट बसली की भोक बुजतं आणि मुळं कुजतात. एवढंसं काम, पण पावसाळ्यात अर्धी रोपं त्यावरच जगतात.

१९३१मध्ये तो विंडसरच्या राजबागेत गेला. मग लीड्स, डर्बी, आणि १९४६पासून श्रूजबरीच्या सार्वजनिक बागांचा प्रमुख. १९६९पासून बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’वर तो घरोघरी पोचला. पुढे जाहिराती केल्या म्हणून १९७६मध्ये तो कार्यक्रम हातचा गेला. माझ्या मते बीबीसीचंच नुकसान झालं.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतीची माहिती घराघरांत नेली. शहरातल्या माळ्याला मात्र कोणी बोलतं करत नाही. तुमच्या सोसायटीचा माळी गुलाबाची छाटणी करत असेल, तेव्हा मोबाईल काढा आणि त्याला विचारा, डोळा कुठला ठेवला आणि का.