मूषकचोराची शंभर वर्षे

सन 1832 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ‘नेझुमी कोझो’ (मूषकचोर) या टोपणनावाने गाजलेल्या चोर जिरोकिचीस देहान्त शासन झाले. परंतु लुटीचा पैसा त्याने गोरगरिबांस वाटल्याचा पुरावा सरकारी दफ्तरात मिळत नाही. त्याने सरदारांचेच वाडे फोडले, आणि पकडला गेला तेव्हा मुद्देमाल जवळ नव्हता, एवढ्यावरून रयतेने त्यास दानशूर ठरविले. तो जुगारी होता आणि जुगाऱ्याच्या पदरी पैसा टिकत नसतो, ही साधी गोष्ट सरदारांवर चिडलेल्या रयतेस सुचू नये, यात नवल ते काय! पुढे 1857 मध्ये नाटककार मोकुआमीने त्यास काबुकीच्या रंगमंचावर आणले आणि दंतकथेस प्रतिष्ठा लाभली.

या दंतकथेचा खरा कस लागला तो 1931 मध्ये, निक्कात्सु कंपनीसाठी इतो दाइसुके यांनी योशिकावा एइजी यांच्या कथेवरून काढलेल्या मूकपटात. ओकोची देन्जिरो यांनी रंगविलेला हा जिरोकिची एदोतून पळून ओसाकाच्या वाटेवर नावेत बसलेला आहे. मात्र ज्या औदार्याचे पोवाडे लोक गातात त्याच्याच मागे एका सामुराई घराण्याची धूळधाण उभी आहे, हे त्या घरच्या कन्येच्या रूपाने त्याच्यासमोर येते, आणि त्यास वाचविण्याचा भार, जसा अशा कथांत नेहमीच पडतो तसा, दुसऱ्या एका स्त्रीवर पडतो. या दोन स्त्रियांच्या भूमिका नाओए व नोबुको या फुशिमी भगिनींनी केल्या आहेत, आणि नाओएच्या करारी मुद्रेपुढे नायकही क्वचित फिका वाटतो. धावत्या कॅमेऱ्याविषयी इतोंची ख्याती होती. पाठलागाच्या प्रसंगी तो असा काही सुटतो, की शिपायांचे कंदील प्रेक्षकाच्याच अंगावर चालून येतात.

त्याच वर्षी दिग्दर्शक गोशो यांचा बोलपट आला आणि पडद्याशेजारी उभे राहून सर्व पात्रांचे संवाद बोलणाऱ्या ‘बेन्शी’ कलावंतांचा अंमल संपत चालला. इतोंचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. कीर्तिशिखर मानल्या गेलेल्या ‘चुजी’ या चित्रपट-त्रिखंडाचेही अंशच उरले. जवळजवळ संपूर्ण लाभणारा असा हा जिरोकिचीचा मूकपटच एक. जिज्ञासूने तो पाहावा, परंतु निःशब्द पाहू नये. बेन्शीच्या निवेदनासह पाहावा, कारण तो तसाच पाहण्यासाठी घडविलेला आहे.