चिनहटमध्ये कसिनो सापडणार नाही, पण गणित तिथंही तेच!

लखनौच्या चिनहट भागात बदली झालेल्या एका मित्रानं विचारलं, 'चिनहटच्या आसपास छोटासा कसिनो आहे का रे?' नाही. लखनौसह साऱ्या अवधला 1867 सालीच सार्वजनिक जुगारबंदीचा कायदा लागू झाला. जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे गोव्यात परवानगी आणि उत्तर प्रदेशात बंदी. आपल्या महाराष्ट्राची तऱ्हा तर अजबच! 1976 मध्ये कसिनो कायदा केला, तो कधी अंमलात आणलाच नाही, आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला.

म्हणजे एक रात्र खेळायची तर गोवा. पणजीला मांडवीतल्या बोटी आहेत, पण माझी पसंती हॉटेलातल्या लहान कसिनोंना. तिथं निवांत उभं राहून खेळ बघता येतो. रुलेटच्या चाकावर 1 ते 36 आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. सगळी मेख त्या शून्यात. लाल-काळ्यावर पैसे दुप्पट मिळतात, पण जिंकायची शक्यता 37 पैकी 18. शंभर रुपयांचे 50 डाव खेळलात, तर सरासरी 135 रुपये कसिनोचे. काही चाकांवर दोन शून्यं असतात. तिथं हाच आकडा 263 होतो.

चिनहटमध्ये घरी दिवाळीची तीन पत्ती खेळलात, तर कसिनोचा वाटा नसतो, पण शक्यतेचं गणित तिथंही असतंच: ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं, 425 हातांत सरासरी एकदाच येते.

गोव्याला गेलात तर चिप्स घेण्याआधी चाकावरची शून्यं मोजा.