प्यादं मागे का फिरत नाही?

चाळीसगावात तितूर नदीकाठच्या एखाद्या डबक्यातलं पाणी घ्या, गवत उकळून गार केलेल्या पाण्यात ते मिसळा आणि आठवडाभर थांबा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा पॅरामेशियम पोहताना दिसेल. एका पेशीचा हा जीव काही आडवं आलं की थबकतो, मागे सरतो, दिशा बदलून पुन्हा निघतो. मेंदू नाही, चेतातंतू नाहीत. मग मागे फिरायचा हुकूम सुटतो कुठून?

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चिंग कुंग यांनी मागे फिरताच न येणारे पॅरामेशियम वेगळे काढले. त्यांना नाव दिलं बुद्धिबळातल्या प्याद्याचं. बिघाड होता कॅल्शियम आत घेणाऱ्या दारांत. ही दारं असतात कुठे, ते 1976-77 मध्ये कळलं. पॅरामेशियमच्या अंगावर हजारो सिलिया असतात, वल्ह्यांसारख्या हलणाऱ्या, मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढ्या जाड. रसायनाने त्या गाळून टाकल्या तरी पेशी जगते, पण कॅल्शियमची विद्युत प्रतिक्रिया थांबते. सिलिया पुन्हा उगवल्या की प्रतिक्रियाही परतते. म्हणजे दारं सिलियांच्या पटलातच.

पण दार म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन? इथे खरी कटकट सुरू होते. पटल स्निग्ध, त्यात रुतलेली प्रथिनं पाण्यात विरघळायला नाखूश. म्हणून कॅल्शियमचा झटका देऊन सिलिया गाळायच्या, अपकेंद्री यंत्रात गोळा करायच्या आणि पटल ट्रायटन एक्स-114 या द्रव्यात विरघळवायचं. हे द्रव्य थंडीत पाण्यात मिसळून राहतं. साधारण वीस अंशांच्या वर पाणी दुधाळ होऊन दोन थर सुटू लागतात आणि स्निग्धप्रेमी प्रथिनं त्याच्याबरोबर वेगळी निघतात. (खानदेशातल्या मे महिन्यात हे काम बर्फाच्या पेटीशिवाय सुरूच होणार नाही.) मग प्रथिनांचे तुकडे करून त्यांचं वस्तुमान मोजायचं आणि ते जनुकांच्या यादीशी जुळवायचं. पॅरामेशियमची ही यादी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली: जवळपास 40 हजार जनुकं, माणसाच्या दुपटीइतकी.

तरी एक अडचण उरतेच. या पटलावर पृष्ठ-प्रतिजन नावाच्या अवजड प्रथिनाची इतकी गर्दी असते की दुर्मीळ दारं तिच्यात हरवून जातात. शिवाय यादीत नाव आलं म्हणजे काम कळलं असं नाही. पेशीच्या इतर भागातलं प्रथिनही चिकटून आलेलं असू शकतं. मला या शास्त्रातला सगळ्यात देखणा भाग वाटतो तो याच्या पुढचा. पॅरामेशियम जिवाणू खातो, म्हणून त्याला असे जिवाणू चारतात की पोटात गेल्यावर त्याचं ठरावीक जनुक गप्प होतं. व्हरमाँट विद्यापीठात जुडिथ व्हॅन हाउटन यांच्या गटाने कॅल्शियम-दारांची जनुकं अशी गप्प केली, तेव्हा पॅरामेशियमचं मागे पोहणं घटलं. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

हा खटाटोप डबक्यापुरता नाही. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शैवालात सिलिया बांधायला लागणाऱ्या एका जनुकाचा उंदरातला जोडीदार बिघडला की मूत्रपिंडात गाठी होतात, हे 2000 मध्ये दिसलं. माणसाच्या मूत्रपिंडातल्या अशाच आनुवंशिक विकाराशी निगडित पॉलिसिस्टिन-2 हे पटल-प्रथिनही पुढे त्या शैवालाच्या शेपटीसारख्या सिलियांत सापडलं. तिथे त्याचा संबंध आहे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींच्या मीलनाशी.