एकाच दिवशी दोन राज्यांची अदलाबदल

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा नकाशा टीव्हीवर पाहिलाय ना? लाल राज्यात रिपब्लिकन पक्ष जिंकला, निळ्यात डेमोक्रॅटिक. हे रंग पक्के झाले 2000 च्या निवडणुकीपासून, पण मतांचे आकडे त्याच्याही खूप आधीपासून जपून ठेवलेले आहेत. जुन्या निवडणुकांचे नकाशे शेजारी शेजारी मांडले की खरी गंमत सुरू होते!

उत्तरेकडचं चिमुकलं व्हरमाँट घ्या. 1856 पासून 1960 पर्यंत सलग 27 निवडणुकांत इथे रिपब्लिकनच जिंकले. दक्षिणेतल्या जॉर्जियात बरोब्बर उलटं: 1868 ते 1960, दर वेळी डेमोक्रॅटिक. असं का? अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झालं. रिपब्लिकन हा त्या युद्धात उत्तरेचं नेतृत्व करणारे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा पक्ष. युद्ध हरलेल्या दक्षिणेतले बहुतेक गोरे मतदार पुढे कित्येक पिढ्या त्या पक्षाकडे फिरकले नाहीत. आणि तिथल्या कृष्णवर्णीयांना? त्यांना जाचक नियम लावून, धाकदपटशा दाखवून मतदानापासूनच दूर ठेवलं गेलं. केवढा हा अन्याय! नकाशाच्या रंगात तो दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग आलं 1964. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जुलैमध्ये वंशभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्यांच्याविरुद्ध उभे होते रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर. त्यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबरात मतदान झालं आणि काय झालं ओळखा! जॉर्जिया इतिहासात पहिल्यांदा रिपब्लिकन झालं आणि व्हरमाँट पहिल्यांदा डेमोक्रॅटिक. तेही एकाच दिवशी!

पण थांबा, नुसत्या रंगावर विसंबू नका. 1984 साली रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांनी 50 पैकी 49 राज्यं जिंकली. म्हणजे ती सगळी रिपब्लिकन पक्षाची भक्त होती का? छे! पेपर सोपा आला की अख्ख्या वर्गाला भरपूर मार्क पडतात. तेव्हा आपले मार्क वर्गाच्या सरासरीशी ताडून पाहायचे. राज्यांचंही तसंच करायचं. त्या वर्षी देशभरात रेगन सुमारे 18 टक्क्यांनी पुढे होते, पण कोळशाच्या खाणींच्या वेस्ट व्हर्जिनियात फक्त साडेदहाने. म्हणजे हे राज्य लाल दिसलं, तरी देशाच्या मानाने साडेसात टक्के डेमोक्रॅटिक बाजूलाच होतं. खाणकामगारांच्या संघटना तिथे बळकट होत्या आणि त्यांचा कल त्या पक्षाकडे होता.

पुढे यंत्रं आली, खाणीतल्या नोकऱ्या घटल्या, कोळशावरच्या पर्यावरणाच्या नियमांवरून राग वाढला. 2020 मध्ये देशभरात डेमोक्रॅटिक जो बायडेन साडेचार टक्क्यांनी पुढे होते, तर वेस्ट व्हर्जिनियात रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प सुमारे 39 टक्क्यांनी! आघाड्या विरुद्ध बाजूंच्या, म्हणून इथे बेरीज करायची: देशाच्या मानाने साडेत्रेचाळीस टक्के रिपब्लिकन बाजूला. 36 वर्षांत एवढी मोठी उडी!

आता तुमची पाळी. टेक्सासमध्ये 2012 साली रिपब्लिकन उमेदवार सुमारे 16 टक्क्यांनी पुढे होता आणि देशभरात डेमोक्रॅटिक उमेदवार सुमारे 4 टक्क्यांनी. 2020 मध्ये टेक्सासात रिपब्लिकन आघाडी साडेपाच टक्क्यांवर आली. देशाचा आकडा वर आहेच. दोन्ही वर्षांचं गणित वहीत मांडा आणि टेक्सास कुठल्या बाजूला, किती सरकलं ते शोधून काढा.