थेंबातलं गोदाम

ताईच्या लग्नाचा बस्ता घ्यायला तुम्ही कधी नागपूरच्या गांधीबागेत गेलात का? मोठी माणसं पांढऱ्याशुभ्र गादीवर मांडी ठोकून बसतात, दुकानदार साडीवर साडी उलगडत जातो आणि लहानांना कोणी विचारतसुद्धा नाही. मग काय करायचं? नव्या शर्टाच्या टाचण्या काढत बसायचं! समजा, त्यातलीच एक बोटात टोचली. "आई गं!" बोटावर लालबुंद थेंब. पण साड्यांचा घोळ निम्माही आटोपत नाही, तोवर रक्त थांबलेलं असतं. कोणी थांबवलं?

रक्तपट्टिकांनी, म्हणजेच प्लेटलेट्सनी. डेंग्यूच्या दिवसांत "प्लेटलेट्स किती आल्या?" असं मोठी माणसं फोनवर विचारतात ना, त्याच या. इतक्या चिमुकल्या, की 1 मिलिमीटरच्या रेघेवर साधारण 400 जणी ओळीनं बसतील. 1 घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. एका टपोऱ्या थेंबातली त्यांची संख्या सहज कोटीच्या घरात जाते!

1882 साली इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञानं त्या नीट ओळखल्या आणि रक्त थांबवण्याचं श्रेय त्यांना दिलं. तेव्हा नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती.

गांधीबागेपासून जवळच मेयो रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर होऊ घातलेले ताई-दादा काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरतात, त्यावर रंग घालतात आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. तेव्हा रक्तपट्टिकेचे दोन भाग दिसतात. कडेचा भाग फिकट, आरपार दिसेल असा. मधला जांभळट आणि ठिपक्याठिपक्यांचा.

कडेच्या भागाचं नाव हायलोमिअर, मधल्याचं ग्रॅन्युलोमिअर. घाबरलात? अहो, नावं फोडून बघा! ग्रीक भाषेत 'हायलॉस' म्हणजे काच आणि 'मेरोस' म्हणजे भाग. झाला काचेसारखा भाग. 'ग्रॅन्युल' म्हणजे बारीक दाणा. झाला दाणेदार भाग. बारसं करणाऱ्यांनी जे दिसलं तेच सांगितलं, फक्त ग्रीक-लॅटिनमधून!

आता पुन्हा दुकानात या. पुढे काच, मागे मालानं ठासलेलं गोदाम. रक्तपट्टिकेचंही तसंच. काचेसारख्या कडेत बारीक नळ्यांचं एक कडं असतं. रक्तपट्टिकेचा तबकडीसारखा गोल आकार ते सांभाळतं. आणि मधल्या दाणेदार भागात असतो माल! अल्फा नावाचे दाणे साधारण 50 ते 80. त्यांत चिकटायला लागणारी प्रथिनं आणि धाग्यांचा कच्चा माल. शिवाय मोजकेच घट्ट दाणे. त्यांत कॅल्शियम आणि हाका मारणारी रसायनं.

टाचणी टोचली, रक्तवाहिनीची भिंत फाटली, की रक्तपट्टिका तिथे जाऊन चिकटते. गोल अंग सोडून काटेरी होते. दाणे मध्याशी गोळा होतात आणि गांधीबागेजवळच्या इतवारीतल्या बोळांसारख्या अरुंद वाटांनी आतला माल बाहेर पडतो. रसायनं जणू ओरडतात, "धावा गं, इकडे भोक पडलंय!" शेजारणी धावत येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोकाला बूच बसतं. मग त्यावर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. गांधीबाग कापडाची, आणि रफूचं काम आपल्या बोटात!

गोदाम रिकामं असेल तर? काही मोजक्या माणसांच्या रक्तपट्टिकांत जन्मतःच अल्फा दाणे जवळजवळ नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जांभळ्या न दिसता राखाडी दिसतात, म्हणून त्या आजाराला 'ग्रे प्लेटलेट सिंड्रोम' म्हणतात. अशांचं रक्त लवकर थांबत नाही.

रक्तपट्टिका जगते जेमतेम सात ते दहा दिवस. म्हणून हाडांच्या पोकळीतल्या मगजात नव्या रक्तपट्टिका सतत तयार होत असतात.

तेव्हा पुढच्या वेळी खरचटलं, तर जखम पाण्यानं धुवा, स्वच्छ फडक्यानं थोडा वेळ दाबून धरा. आणि वर धरलेली खपली नखानं काढू नका. खाली रफूचं काम चालू असतं!