दोन कडव्यांमधले वाद्य

शारदीय नवरात्राची घटस्थापना झाली की करवीरनगरीचा सारा दिनक्रम जगदंबेभोवती फिरू लागतो. पंचमीला त्र्यंबोलीच्या भेटीस निघणारी अंबाबाईची पालखी, अष्टमीची नगरप्रदक्षिणा आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन या साऱ्या क्रमात गायनवादनाची सेवा अखंड चालू असते. पेठापेठांतून आणि घरोघरच्या देव्हाऱ्यापुढे भजनाचे सूर उठतात. आणि भजन आटोपून प्रसाद वाटला जात असता जाणत्या मंडळींत एक जुना वाद पुन्हा रंगतो. अभंगाची दोन कडवी म्हणून झाली, गाणारा क्षणभर थांबला, आणि पेटीवाल्याने किंवा हल्लीच्या की-बोर्डवाल्याने मधली जागा आपल्या एकट्याच्या वादनाने भरून काढली, तर ती देवाची सेवा म्हणावी की वादकाची हौस? वृद्ध म्हणतात, नामात खंड पडला. तरुण म्हणतात, नामाला रंग चढला. पर्वकाळाच्या निमित्ताने या वादाचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्या देवीच्याच दरबारात डोकावून पाहू. आईचा गोंधळ घातला जातो, त्यात पूर्वरंगी देवदेवतांचे आवाहन आणि स्तवन असते, उत्तररंगी आख्यान असते आणि शेवटी आरती होते. गोंधळ्याच्या साथीला एक तार छेडणारे तुणतुणे आणि काठ्यांनी वाजणारे जोडसंबळ. कथा सांगता सांगता गोंधळी थांबतो, आणि त्या विरामात संबळ एकटे बोलू लागते. पोताच्या उजेडात बसलेल्या बायाबापड्यांच्या अंगावर काटा उभा राहतो तो पुष्कळदा याच वेळी. त्या घटकेला शब्द नसतो, पण आईचे स्मरण सुटलेले नसते. तेव्हा एकट्या वाद्याला उपासनेत स्थानच नाही, असे म्हणण्यास आपली परंपरा आधार देत नाही.

मग पेटीविषयीच एवढी कुरकुर का? त्याचे एक कारण पेटीच्या जन्मात आहे. हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. ज्या लहान चर्चना मोठा नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे, त्यांना हे सुटसुटीत वाद्य सोयीचे झाले, आणि मिशनऱ्यांबरोबर ते दूरदूरच्या देशांत पोचले. हिंदुस्थानात आल्यावर कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारण्याजोगे रूप दिले. पाहता पाहता ते आमच्या नाटकांत, कीर्तनांत आणि भजनांत शिरले.

दुसरे कारण स्वरांचे. पेटीचे स्वर ठरलेले. दोन स्वरांमधली मींड आणि श्रुतींचे बारकावे तिला साधत नाहीत. याच आक्षेपावरून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या थोर पुरुषासही हे वाद्य रुचत नव्हते. तरीही भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, आणि त्यामागे व्यवहाराचे शहाणपण होते. भजनात सारेच काही तालमीतले गवई नसतात. शेतकरी, दुकानदार, गृहिणी अशा दहा-वीस गळ्यांना एका स्वरात बांधून ठेवायचे तर न तुटणारा, सर्वांस ऐकू येणारा आधार लागतो. तो पेटी देते.

या वाद्याला मानाचे पान मिळवून देण्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. १८८१ साली जन्मलेले आणि येथेच वाढलेले गोविंदराव टेंबे यांनी पेटीला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविले. भास्करबुवा बखले यांची साथ, ‘मानापमान’ नाटकाचे संगीत, पुढे प्रभात फिल्म कंपनीने येथेच काढलेला १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ आणि त्यातील त्यांची हरिश्चंद्राची भूमिका हे सर्व सर्वश्रुत आहे. कोल्हापूरचेच सुपुत्र सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले, तेव्हा पेटीवरील बंदी कायम होती. पण पुढे जाहीर कार्यक्रमांत बाबूजी स्वतः पेटी पुढे घेऊन रामकथा गात. त्या पेटीने रामनामात कधी व्यत्यय आणला, असे कोणी श्रोता म्हणेल काय?

देवघेव एकाच बाजूने झाली असेही नाही. कोल्हापुरात अमेरिकन मिशनऱ्यांचे काम १८५२ साली सुरू झाले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींपुढे तेव्हा उलटा प्रश्न उभा राहिला. परदेशी चालींवर बसविलेली मराठी गीते मराठी हृदयास भिडत नव्हती. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कविवर्य नारायण वामन टिळक यांनी अभंगाची आणि भजनाची वाट धरली, आणि ख्रिस्ती कीर्तनेही होऊ लागली. चर्चची पेटी आमच्या भजनात आली, आणि आमचे टाळ व अभंग चर्चमध्ये गेले. दोन्हीकडे आरंभी नाके मुरडली गेली, आणि दोन्हीकडे आज ते घरचेच वाटते.

खुद्द पश्चिमेतही हा वाद काही थोडका झाला नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी आज्ञापत्र काढून चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गोंगाटाची वाद्ये वर्ज्य केली. एवढेच नव्हे, तर गायनाआधी लांबलचक वादन करू नये आणि मध्येच वाद्याचे तुकडे घालून गायन तोडू नये, असेही बजावले. आमच्या भजनी मंडळातील एखाद्या वृद्ध बुवांचेच हे बोल वाटावेत! पुढे १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेस साजतील अशा इतर वाद्यांना दार उघडले.

तोवर अमेरिकेतील तरुण पिढीच्या हाती इलेक्ट्रिक गिटार आली होती. लॅरी नॉर्मन यांची १९६९ मधील ‘अपॉन धिस रॉक’ ही ध्वनिमुद्रिका ख्रिस्ती रॉक संगीताच्या आरंभीच्या मुद्रिकांत गणली जाते. फिल केगी या वादकाचे उजव्या हाताचे मधले बोट लहानपणीच अर्धे गेलेले. तरी त्याची गिटार ऐकून भलेभले थक्क होत. त्याने १९७८ साली ‘द मास्टर अँड द म्युझिशियन’ ही जवळजवळ शब्दाविना असलेली मुद्रिका काढली. नावात धनी आधी आणि वादक मागून, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. १९८६ साली ‘स्ट्रायपर’ या कर्कश्श वाजविणाऱ्या चमूची मुद्रिका गाजली, तेव्हा जिमी स्वॅगर्ट या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने असल्या संगीताला मेंढीचे कातडे पांघरलेला लांडगा ठरविणारे पुस्तक लिहिले. रसिकांतही तट पडले. एक म्हणे, गिटारचा हा लांबलचक एकल तुकडा वादकाचा दिमाख आहे, त्यात प्रभू कोठे? दुसरा म्हणे, बोटांतली ही विद्या प्रभूनेच दिली, ती त्याच्यापुढे मांडली तर बिघडले काय?

वाचकहो, हे दोन्ही आवाज आपल्या ओळखीचे आहेत. पंडित भीमसेन जोशी यांची अभंगवाणी १९७० च्या दशकात लोकप्रिय होऊ लागली, तेव्हा ख्यालाच्या ताना विठ्ठलाच्या अभंगात शोभतात काय, असा प्रश्न विचारला गेलाच. कोल्हापूरला तर या प्रश्नाचे उत्तर फार आधी ऐकावयास मिळाले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयास असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी अवघड आणि पेचदार; शब्दांपेक्षा स्वरांत रमणारी. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांनी तीच विद्या अंबाबाईच्या देवळात गायनसेवा म्हणून रुजू केली. गाणारा मुसलमान, गायकी दरबारी, आणि ऐकणारी जगदंबा! तानेने भक्ती उणावते, हे मग कसे मानावे?

तरीही वृद्धांची भीती निराधार नाही. वाद्याचा तुकडा वाढत जातो, टाळ्या पडतात, टाळ्यांसाठी तो आणखी वाढतो, आणि कोणता अभंग चालला होता हेच बसलेले विसरून जातात. ध्वनिवर्धकाचा कान पिळला की टाळ धरलेल्या आजोबांचा आवाज त्यांनाही ऐकू येईनासा होतो. ज्या भजनात सारे गात होते, तेथे एक वाजवितो आणि बाकीचे पाहतात. खरी हानी येथे आहे, आणि ती गिटारने होते तशी मृदंगानेही होऊ शकते.

म्हणून आम्हांस एक साधी कसोटी सुचते. वाद्य थांबल्यावर पालुपद कसे उठते, ते पाहावे. मधल्या वादनाने नुकत्याच म्हटलेल्या चरणाचा अर्थ मनात मुरला असेल, तर पालुपद पूर्वीपेक्षा भरून, साऱ्या गळ्यांतून एकदम उठेल. वादन वादकापाशीच संपले असेल, तर पालुपद विस्कळीत येईल. दोघे-चौघेच म्हणतील, बाकीचे आपली जागा शोधत राहतील. ही कसोटी लावण्यास संगीतशास्त्र यावे लागत नाही. घरातल्या आजीलाही ती लावता येते.

या नवरात्रात एखाद्या घरचा नातू की-बोर्ड किंवा गिटार घेऊन भजनास बसू म्हणेल, तर त्यास उठवू नये. त्याच्या हाती घटकाभराची जागा द्यावी, आधी अभंगाचा अर्थ त्यास सांगावा, आणि पालुपदावर वेळेत परत यावयास शिकवावे. त्याला दारातून परत धाडले, तर पुढल्या वर्षी टाळ धरावयास कोण उरेल? आणि त्या नातवानेही ध्यानात ठेवावे की गोंधळातले संबळ कितीही घुमले, तरी अखेरीस ते आरतीसाठी वाट मोकळी करून देते.

करवीरनिवासिनी सर्वांच्या गळ्यांत नाम आणि बोटांत लय अखंड ठेवो, हीच आजच्या पर्वकाळी प्रार्थना.